पुस्तकं सुचवा, पण नेहमीची दहा सोडून (सोलापूरकर असाल तर आधी तुम्ही)

सातरस्ता_आठवा
नमस्कार मंडळी. कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली म्हणून पुण्यातली खोली सोडून दिवाळीपासून सोलापुरात परत आलोय. वाचन म्हणाल तर कॉलेजनंतर बंदच पडलेलं, फोनवर जे येईल ते. परवा आईने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली, आत आजोबांची पुस्तकं. निम्मी वाळवीने खाल्लेली, उरलेल्यात विभावरी शिरूरकरांचं 'बळी' सापडलं, मी नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. दोन पानं चाळू म्हणून उभ्याउभ्या हातात घेतलं आणि रात्रीचे दोन वाजले.

इंग्रजांनी काही जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि तारेच्या कुंपणात आणून ठेवल्या, त्या वसाहतीतल्या माणसांची कादंबरी आहे. आता गंमत बघा, 'सेटलमेंट' हा शब्द मी लहानपणापासून रिक्षावाल्यांच्या तोंडून हजार वेळा ऐकलाय, आमच्या वर्गातला एक जण सेटलमेंट फ्री कॉलनीतून यायचा, पण कसली सेटलमेंट आणि 'फ्री' म्हणजे कशापासून फ्री हे पस्तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. लाज वाटली खरंच.

तर अशी पुस्तकं पाहिजेत. जुनी पण लोक विसरलेली, किंवा नवी पण अजून फार कुणापर्यंत न पोचलेली. कथा-कादंबरी चालेल, खरंखुरं काही असेल तर अजून चालेल. कर्ण, ययाती, श्यामची आई, पानिपत, स्वामी हे कृपया सोडून. ती वाईट आहेत असं म्हणत नाहीये, पण प्रत्येक धाग्यावर तेच येतं.

कडक_भाकरी
आधी ट्रंकेत कडुलिंबाचा पाला टाक बे. पुस्तकं नंतर.

निवृत्त_बाई
छान धागा काढलात. 'बळी'बद्दल थोडं सांगते, एकतीस वर्षं मराठी शिकवलंय त्यामुळे हात आखडत नाही.

विभावरी शिरूरकर हे टोपणनाव. बाई म्हणजे माहेरच्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा कोण ही विभावरी म्हणून महाराष्ट्रात नुसता गदारोळ, कारण शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं कुणीतरी उघड लिहिलं होतं. 'बळी' १९५० चं. मधल्या काळात बाईंनी अशाच एका वसाहतीत सरकारी नोकरी केली होती, त्यामुळे लांबून बघून लिहिलेलं ते नाही. जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १८७१ चा आणि रद्द कधी झाला तर ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं ही माणसं कुंपणातच होती. तुमच्या आजोबांनी पुस्तक नवंकोरं घेतलं असेल तर त्या वेळी तार अजून उभी होती, एवढं लक्षात ठेवून परत वाचा.

त्याच घरातलं दुसरं पुस्तक सुचवते, मालतीबाईंचे यजमान विश्राम बेडेकर यांचं 'रणांगण'. १९३९ चं, दोन बैठकांत संपतं. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, त्यावर आपला एक मराठी माणूस आणि हिटलरच्या छळातून पळालेली एक ज्यू मुलगी. ज्या वर्षी महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी मराठीत हे लिहून झालेलं होतं ह्याचं मला अजून नवल वाटतं. मुलांना सांगायची तर त्यांना वाटायचं पहिल्या बाजीरावाच्या लढायांचं पुस्तक असणार!

तारेपलीकडचा
बरेच दिवस नुसता वाचतो इथे, लिहीत नाही. आज लिहितो.

माझे आजोबा त्या सेटलमेंटमध्ये होते. मिलमध्ये कामाला, पण मिल सुटली की आत, आणि हजेरी. घरी फार बोलायचे नाहीत, फक्त कुणी हाक मारली की 'हजर' म्हणायचे. आम्ही पोरं हसायचो, आम्हाला वाटायचं आजोबा गंमत करतायत.

'बळी' मी वाचलंय. बाईंनी मनापासून लिहिलंय, त्याबद्दल वाद नाही. पण ते ऑफिसच्या खिडकीतून दिसलेलं आहे. खिडकी चांगली स्वच्छ पुसलेली आहे इतकंच. आतून कसं दिसतं ते वाचायचं असेल तर लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचा. लातूरकडचे ते, सूतगिरणीत काम केलं, युनियन केली, १९८८ चा साहित्य अकादमी मिळाला त्या पुस्तकाला. आणि लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' त्याच्याही आधीचं, १९८० चं. ह्या दोन्हींमध्ये दया मागितलेली नाही. चोरी कशी शिकवतात ते 'उचल्या'मध्ये असं लिहिलंय की जसं सुतार रंधा कसा धरायचा ते सांगेल, आणि तिथेच अंगावर काटा येतो.

आपल्या जिल्ह्यातलं म्हणाल तर 'कोल्हाट्याचं पोर'. किशोर शांताबाई काळे, करमाळा तालुक्यातलं नेरलं गाव. आई तमाशात नाचणारी, बापाचं नाव लावायला नाही म्हणून आईचं नाव लावलं आणि त्याच नावाने डॉक्टर झाला. १९९४ ला पुस्तक आलं. २००७ मध्ये अपघातात गेला माणूस, चाळिशीही गाठली नाही. करमाळ्याच्या किती लोकांना माहितीय हे पुस्तक, विचारून बघा एकदा.

निवृत्त_बाई
खिडकीचं बरोबर बोललात. वर्गात मी 'बळी' शिकवताना ही बाजू कधी मांडली नाही हे कबूल करते. पण १९५० साली आतल्या माणसाच्या हातात पेन पोचलेलं नव्हतं, तोवर खिडकी तरी कुणी उघडली असं मी म्हणेन. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत.

तारेपलीकडचा
मान्य बाई. फेकून द्या म्हणत नाहीये मी.

उजनी_वजा
नव्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी बोलतो. कृष्णात खोतांचं 'रिंगाण', साहित्य अकादमी २०२३. धरणात गाव गेलं, माणसं दुसरीकडे नेऊन बसवली, म्हशी मागे राहिल्या आणि राहता राहता रानटी झाल्या, त्यातली आपली म्हैस परत आणायला एक जण जातो. एवढीच गोष्ट. पण ती म्हैस शोधता शोधता माणूसच किती रानटी होतो आणि म्हैस किती शहाणी ते बघा. भाषा पहिल्या वीस पानांत जड जाते, कोल्हापूरकडची आहे, सोडू नका.

आपल्याला धरण म्हणलं की काय माहिती, उजनी प्लस का मायनस. पेपरात दर उन्हाळ्यात येतं उजनी वजा तीस, वजा चाळीस, बाहेरच्या पाहुण्यांना कळतच नाही की पाणी शून्याच्या खाली कसं जातं (शून्य धरतात ते मृतसाठ्याच्या वरून, आणि मृतसाठाच ६३ टीएमसीच्या आसपास आहे हो, तो धरून एकूण ११७). पण त्या पाण्याखाली गावं गेली त्यांची आठवण आपल्याला फक्त पळसदेवचं देऊळ उघडं पडलं की फोटो काढायपुरती. 'रिंगाण' वाचल्यावर मी तो फोटो स्टेटसला ठेवायचा बंद केला.

दुसरं, धागाकर्ते इंजिनिअर दिसताय, तर नंदा खरे. स्वतः सिव्हिल इंजिनिअर होते. 'उद्या' वाचा, पुढच्या काळातली कादंबरी, सगळ्यांवर सगळीकडून नजर. २०२० चा अकादमी जाहीर झाला आणि त्यांनी घेतला नाही. पण माझं ऐकाल तर आधी 'अंताजीची बखर'. पेशवाईतला एक भाडोत्री हेर कम हुशार कम पळपुटा माणूस स्वतःची बखर लिहितोय, फिरत फिरत पार बंगालपर्यंत जातो. इतिहास म्हणजे घोडा आणि तलवार असं ज्यांना वाटतं त्यांनी वाचूच नये, कारण ह्यात लढाईपेक्षा पोटाचीच काळजी जास्त आहे.

कडक_भाकरी
'अंताजी'ला डबल प्लस. मी ते हॉस्टेलला एकाला दिलं २०११ मध्ये. पुस्तक गेलं, दोस्तीपण गेली. आता तो मोठा साहेब झालाय, फेसबुकवर वाचनसंस्कृतीवर पोस्टी टाकतो.

माळढोक
ह्या धाग्यावर अजून चितमपल्लींचं नाव नाही हे बरं नव्हे. मारुती चितमपल्ली सोलापूरचे, जन्म १९३२ चा इथलाच, जंगल खात्यात उभं आयुष्य विदर्भात काढून शेवटी परत इथेच आले आणि २०२५ च्या जूनमध्ये इथेच गेले, त्याच वर्षी पद्मश्री मिळालेली. २००६ ला सोलापुरात साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष पण तेच, मी शाळेच्या पोरांबरोबर मांडवात मागे उभा होतो, काहीच ऐकू आलं नाही, फक्त पांढरी दाढी दिसली.

लोक 'पक्षीकोश' घेतात आणि शोकेसमध्ये ठेवतात. ते सोडा. 'चकवाचांदण' घ्या, आत्मचरित्र आहे, जाड आहे, घाबरू नका. सोलापूरचं बालपण त्यात आहे, आणि रान बघायला आई आणि मामाने कसं शिकवलं ते. ह्या माणसाने मराठीला शब्द दिलेत. बगळ्यांची एकत्र वीण असते त्या जागेला 'सारंगागार', कावळ्यांच्या वस्तीला 'काकागार'. कंबर तलावाच्या बाभळीवर संध्याकाळी बगळे उतरायला लागले की मी मुलीला म्हणतो बघ सारंगागार होतंय का, ती म्हणते बाबा चला घरी डास चावतायत.

नान्नजला माळढोक बघायला जाणाऱ्यांनी तरी वाचावं. माळढोक दिसणार नाही, पण माळ कसा बघायचा ते कळेल.

पूर्वभाग_कन्ना_चौक
चितमपल्ली आडनाव बघून आमच्या पूर्व भागात सगळे आमचे म्हणतात. पण मला एक सांगा, इतके तेलुगू विणकर ह्या गावात, घरात मागाचा आवाज ऐकत झोपणारी आमची पिढी, आणि आमच्यावर मराठीत कादंबरी कुठंय? मुंबईच्या गिरणगावावर ढीगभर. जयंत पवारांच्या कथा वाचल्या मी, 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर', गिरण्या बंद पडल्यावर माणसांचं काय होतं ते त्यांच्यासारखं कुणी लिहिलं नाही, एकेक गोष्ट वाचून दोन दोन दिवस गप्प होतो. पण सोलापूरच्या मिला पण बंद पडल्याच की. जुनी मिल १८७७ ची. चादर सगळ्यांना पाहिजे, टॉवेल पाहिजे, जीआय टॅग पाहिजे, माणूस नको.

सातरस्ता_आठवा
तुम्हीच लिहा की अण्णा.

पूर्वभाग_कन्ना_चौक
मी बिलं लिहितो रे. तेवढं जमतं.

अज्जी_कन्नड_बोलते
आमच्याकडे अक्कलकोट बाजूला आजी कन्नड बोलते, मला बोलता येतं पण वाचता येत नाही, लिपी म्हणजे जिलब्या दिसतात. त्यामुळे कन्नड पुस्तकं मी मराठीतून वाचते आणि त्यासाठी उमा कुलकर्णींना दंडवत. भैरप्पांचं 'वंशवृक्ष' आणि 'पर्व' त्यांनीच आणलं मराठीत. 'पर्व' म्हणजे महाभारतातून देव आणि चमत्कार काढून घेतल्यावर जे उरतं ते, म्हातारपण, भूक, कुणाचं मूल कुणाचं. (धागाकर्त्याने महाभारत नको म्हणलंय पण हे त्यात मोजू नका प्लीज.)

आणि नवं म्हणाल तर बानू मुश्ताक. २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर 'हार्ट लॅम्प'ला मिळालं, दीपा भास्ती यांनी इंग्रजीत केलंय. कन्नडला पहिल्यांदाच, आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदाच. बाई हासनच्या, वकील आहेत. बारा कथा, घरातल्या मुस्लिम बायकांच्या. मी त्यातली एक गोष्ट आजीला कन्नडमध्ये सांगायचा प्रयत्न केला, म्हणजे बघा, कन्नडमधून इंग्रजीत गेलेली गोष्ट मी परत मोडक्या कन्नडमध्ये आणली. आजी म्हणाली ह्यात काय सांगतीस, ही तर आपल्या शेजारची.

शरणकुमार लिंबाळे पण आमच्याच तालुक्यातले, हन्नूरचे. 'अक्करमाशी' सगळ्यांना नावाने माहिती असतं, वाचलेलं कमी असतं.

निवृत्त_बाई
अक्कलकोट निघालंच आहे तर त्र्यं. वि. सरदेशमुख. 'डांगोरा एका नगरीचा', २००३ चा अकादमी. संस्थानी गाव, राजवाडा, त्याच्या सावलीत दबलेली माणसं. वेग अजिबात नाही, आधीच सांगते. पण अशी मराठी आता कुणी लिहीत नाही. मुंबई-पुण्यापासून लांब राहून लिहिणाऱ्याला आपल्याकडे मेल्यावरसुद्धा लांबच ठेवतात.

सातरस्ता_आठवा
बाई हे ट्रंकेत आहे!! पण मधली चाळीस पानं वाळवीच्या पोटात.

चंद्रभागेच्या_वाळवंटी
पंढरपूरहून लिहितोय. वारीवर तीन पुस्तकं एका ओळीने वाचा, मग बोलू.

पहिला तर पुस्तक नाही, लेख. इरावती कर्व्यांचा 'वाटचाल', 'परिपूर्ती'मध्ये आहे. बाई दिंडीबरोबर चालल्या, आणि त्यांना काय खुपलं तर एकाच दिंडीत ब्राह्मण बाया आणि मराठा बाया, भजन एकत्र, चालणं एकत्र, जेवायची पंगत मात्र वेगळी. हे त्यांनी गोड न करता लिहिलंय. दुसरं दि. बा. मोकाशींचं 'पालखी', १९६४ चं. हा माणूस भाविक नाही, टवाळ पण नाही, नुसता चालतो आणि पाय दुखतात ते लिहितो. तिसरं रा. चिं. ढेरे, 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'. ह्याला वेळ लागेल. विठोबा मुळात कुठला, धनगर-गवळ्यांचा देव सगळ्यांचा कसा झाला, ह्याचा माग. आमच्या गल्लीत काही लोकांना हे आवडत नाही. आषाढीला लाख लोक दारावरून जातात तेव्हा मी खिडकीत बसून ढेरे वाचतो, बायको म्हणते खाली उतरून पाणी वाटा आधी.

माळढोक
बायकोचं बरोबर आहे.

बार्शीची_लाईट_रेल्वे
बार्शीतर्फे एक. शाहीर अमर शेख आमचे, त्यांची मुलगी मलिका अमर शेख, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. ८४ साली आलं, मग कितीतरी वर्षं मिळतच नव्हतं, मी झेरॉक्सवर वाचलंय. २०१६ ला जेरी पिंटोंनी इंग्रजीत केलं आणि मग एकदम सगळ्यांना आठवण झाली. नामदेव ढसाळांशी लग्न, चळवळ, आणि घरात काय चाललेलं. कवी म्हणून ढसाळ मोठेच, पण त्यांच्या कविता वाचणाऱ्याने हेही वाचावं असं माझं मत. ह्यावरून वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, मी येतो.

तसंच ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या बाई, १८८२ ला 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. सुरतेला एका विधवेवर खटला झाला आणि पेपरवाले समस्त बायकांना बोल लावायला लागले, त्यावर बाईंनी पुरुषांना असलं सोलून काढलंय की आजच्या ट्विटरवाल्यांनी क्लास लावावा. नंतर पुस्तक विस्मरणात गेलं, १९७५ ला स. गं. मालशांनी परत छापलं. छोटं आहे. एका संध्याकाळचं काम.

अज्जी_कन्नड_बोलते
ताराबाईंना +१००. आमच्या भिशीत मोठ्याने वाचलं होतं, पोहे गार झाले पण कुणी उठलं नाही.

उजनी_वजा
जुन्यात अजून एक, विष्णुभट गोडश्यांचा 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा गरीब भिक्षुक, डोक्यावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ आहे दक्षिणा मिळेल म्हणून निघतो आणि नेमका सत्तावनच्या बंडात सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा आत होता तो. छापलं थेट १९०७ ला, तेही बरंच सोवळं करून, मूळ प्रतीवरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ ला काढलं. घेताना कुठली आवृत्ती आहे ते बघून घ्या.

पूर्वभाग_कन्ना_चौक
एवढं सगळं मिळतं कुठं पण? एका लायब्ररीत गेलो होतो, नाव नको, कपाटाला कुलूप आणि चावी असलेला माणूस रजेवर. तीन आठवडे रजेवर. शेवटी मला वाटायला लागलं चावीच रजेवर आहे.

निवृत्त_बाई
हिराचंद नेमचंद वाचनालयात जा आणि थेट नाव सांगून मागा, 'काहीतरी चांगलं द्या' म्हणू नका. आणि साहित्य संस्कृती मंडळाच्या साईटवर कितीतरी जुनी पुस्तकं फुकट पीडीएफ आहेत, ते कुणी बघतच नाही. बाकी जे मिळणार नाही ते एकमेकांना द्या. परत करायच्या बोलीवर.

कडक_भाकरी
परत करायच्या बोलीवर 😂 बाई तुम्ही माझा साहेब बघितला नाहीत.

सातरस्ता_आठवा
अपडेट देतो, तीन आठवडे झाले. 'रिंगाण' संपलं, पहिली वीस पानं खरंच जड गेली, मग रविवारी जेवायला उठलो नाही. 'उचल्या' मागवलंय. 'चकवाचांदण' आई वाचतीय, मला हात लावू देत नाही, मधेच हाक मारून सांगते अरे हे बघ सोलापूरचं लिहिलंय. 'डांगोरा' वाचनालयात मिळालं, अठ्ठेचाळीसाव्या पानावर आहे, बाई तुम्ही वेगाबद्दल जे सांगितलं ते कमीच सांगितलं.

तारेपलीकडचा, एक विचारायचं होतं. तुम्ही 'बळी' वाचलंय म्हणालात, पण घरी आहे का? नसेल तर आजोबांची प्रत तुम्हाला द्यावी असं वाटतंय. परत करायची बोली नाही.

तारेपलीकडचा
घरी नाही. लायब्ररीचं वाचलं होतं.

वडिलांना मी कधी दाखवलं नव्हतं, मराठी सावकाश वाचतात ते, आणि हा विषय घरी निघत नाही. काल हा धागा फोनवर वाचून दाखवला त्यांना. 'हजर'चा भाग आला तेव्हा म्हणाले, तुझ्या आजोबांना रात्री पण हजेरी असायची, तू हे लिहिलं नाहीस. मला माहितीच नव्हतं.

प्रत घेतो. पण परत करीन.

सातरस्ता_आठवा
शनिवारी साडेपाचला पार्क चौक? वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणतो. शेवटचा फर्मा सुटा झालाय, उघडताना धरून उघडा. आणि पहिल्या पानावर आजोबांची सही आहे, तिच्या खाली जागा आहे बरीच, वडिलांना करायची असली तर.

कडक_भाकरी
शनिवारी मी पण येतो. अंताजी कुणाकडे असला तर घेऊन या, चहा माझ्याकडून.